फिरत्या घराची पडवी

घराला पडवी कशासाठी हवी, असे कोकणातील माणसास कोणी विचारले, तर तो विचारणाराकडेच नवलाने पाहील. ओले पाय पुसावयास, छत्री निथळत ठेवावयास, आल्यागेल्याशी दोन शब्द बोलावयास आणि पावसाच्या धारा पाहत स्वस्थ बसावयास जी जागा लागते, ती पडवी. माजघर लहान असले तरी निभते. पण पडवीवाचून घर कोंडल्यासारखे होते. आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे, ती अशीच एक पडवी होय. फरक इतकाच की ती कापडाची असते, आणि ज्या घरास ती जोडावयाची, ते घरही एका जागी स्थिर नसून मोटारीच्या मागे चाकांवर धावत असते.

अशा ओढत्या घरास इंग्लंडात कॅरव्हान म्हणतात, अमेरिकेत ट्रेलर म्हणतात. आणि त्याच्या दाराच्या बाजूस जे कापडी छप्पर किंवा दालन जोडतात, त्यास ऑनिंग असे नाव आहे. आपल्यापैकी कित्येकांची मुलेमुली आज त्या देशांत संसार थाटून आहेत. उन्हाळ्यात त्यांच्याकडे गेलेल्या आईवडिलांस अशा फिरत्या घरातून चार दिवस समुद्रकाठी अथवा डोंगरात राहण्याचा योग येतो. मलाही तो आला. त्या मुक्कामात छपराविषयी एक गोष्ट मी शिकलो, आणि ती मला बरीच महाग पडली. ती गोष्ट आपणांस स्वस्तात मिळावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

हौसेखातर फिरत्या घरात राहण्याची चाल इंग्लंडात फार जुनी नाही. १८८५ साली विल्यम गॉर्डन स्टेबल्स नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थाने ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्याकडून घोड्यांनी ओढावयाचे एक सुंदर घर बांधवून घेतले व त्यातून तो देश पाहत हिंडला. हा गृहस्थ पूर्वी आरमारात डॉक्टर होता आणि पुढे मुलांसाठी साहसकथा लिहून नावारूपास आला. आपल्या गाडीस त्याने ‘वाँडरर’, म्हणजे भटक्या, असे नाव दिले आणि तिचे वर्णन करताना तो तिला जमिनीवरची नौका म्हणे. पुढे १९०७ साली अशा हौशी लोकांचे एक मंडळ तेथे स्थापन झाले. ते आजही चालू आहे. घोड्यांच्या जागी मोटार आली, लाकडाच्या भिंतींच्या जागी हलक्या पत्र्याच्या भिंती आल्या. परंतु त्या जुन्या डॉक्टराने योजिलेला नौका हा शब्द मला फार अर्थपूर्ण वाटतो. कारण घराला कापड लावले की त्या घराची खरोखरच नौका होते, आणि ते कापड छप्पर न राहता शीड बनते. हे मला ठाऊक नव्हते. ते कसे कळले, ते आधी सांगतो.

ऑगस्टचा महिना होता. वेल्सच्या पश्चिमेस पेम्ब्रोकशायर म्हणून परगणा आहे. तेथील समुद्राकाठच्या एका उंच, हिरव्यागार माळावर आमचा मुक्काम पडला होता. कन्या, जावई, सहा वर्षांचा नातू आणि मी. कॅरव्हानच्या दारापुढे मोठे ऑनिंग उभारलेले होते आणि त्याच्या एका कोपऱ्यात पडदा लावून नातवाची लहानशी खाट मांडली होती. दिवसभर हवा अगदी निवांत होती. संध्याकाळी जावई मला म्हणाले, “बाबा, रात्री वारा बराच वाढणार असे हवामानखाते सांगते. उजेड आहे तोवर हे उतरवून ठेवू या का?” मी आरामखुर्चीत चहा घेत होतो. मी म्हणालो, “अहो, देवगडच्या पावसात वाढलेला माणूस मी. छपराच्या गोष्टी मला का सांगता? सकाळी पाहू.” जावई मर्यादशील, ते गप्प राहिले. मात्र काळोख पडल्यावर कंदील घेऊन त्यांनी एकट्याने सर्व तणावे पुन्हा ताणले, हे मी आतून पाहिले आणि मनाशी हसलोही.

मध्यरात्रीनंतर वाऱ्याचा आवाज बदलला. आधी घोंघावणे होते, मग कापडावर थापा पडू लागल्या. कन्या उठली आणि मुलाला उचलून तिने आत आणले. त्यानंतर दहा मिनिटेही झाली नसतील. वाऱ्याकडील बाजूच्या मेखा एकामागून एक उपटल्या गेल्या, कापडाच्या पोटात वारा शिरला आणि ते सबंध दालन खालून वर उचलले जाऊन कॅरव्हानच्या टपावर जाऊन आपटले. लोखंडी दांड्यांपैकी एक दांडी निसटून आडवी पडली. ती त्या रिकाम्या खाटेवर पडली होती. शेजारच्या गाडीतील एक वृद्ध इंग्रज गृहस्थ हातात विजेरी आणि मोगरी घेऊन धावत आले. मी एक दांडी धरून उभा होतो. ते ओरडून म्हणाले, “दांडी सोडा! कापडावर बसा!” आणि स्वतः त्या फडफडणाऱ्या कापडावर पालथे पडले. आम्ही तिघे त्याच्यावर बसून राहिलो तेव्हा कोठे ते थांबले.

सकाळी पाहतो तो कापडास एकच चीर गेलेली होती. परंतु कॅरव्हानच्या भिंतीवरील ज्या पट्टीत ते अडकविलेले होते, ती पट्टी हातभर उचकटून निघाली होती आणि स्क्रूंच्या छिद्रांतून भिंतीच्या आत पाणी शिरले होते. ते म्हातारे गृहस्थ चहा घेता घेता मला म्हणाले, “आपण हे वर उचलून धरण्याची फार चांगली व्यवस्था केली होती. पण ते खाली दाबून धरावयाचे असते.”

श्रोतेहो, या एका वाक्यात ऑनिंगचे सर्व शास्त्र आहे. छप्पर म्हटले की त्यास खालून आधार हवा, असे आपल्या मनात असते. कारण आपले लक्ष पावसाकडे व कौलांच्या भाराकडे असते. पण कापडाला भार कसला? त्याला वारा वर उचलतो. छपरावरून वारा वेगाने वाहू लागला की वरचा हवेचा दाब घटतो. त्याच वेळी उघड्या बाजूने वारा आत शिरला तर तो खालून रेटतो. वरून ओढ आणि खालून रेटा, अशा कात्रीत छप्पर सापडते. याला कापडच लागते असेही नाही. २०२० सालच्या ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूस कितीतरी घरांची छपरे उडून गेली. जन्मभर छपराखाली राहिलेल्या मला छपराचा स्वभाव पेम्ब्रोकशायरच्या माळावर कळला, हे कबूल करावयास आता संकोच वाटत नाही.

आता थोडे गणित करू. चार मीटर लांब आणि सव्वादोन मीटर उंच अशी कापडाची भिंत धरली, तर तिचे क्षेत्र नऊ चौरस मीटर होते. ताशी ३० किलोमीटर वेगाचा वारा तिच्यावर समोरून आला, तर तिच्यावर एकंदर सुमारे ३९ किलो वजनाइतका दाब पडतो. एखाद्या मुलाने अंग टेकून उभे राहावे, तितका तो होय. आता वाऱ्याचा वेग दुप्पट, म्हणजे ताशी ६० किलोमीटर झाला, तर दाब दुप्पट होईल असे आपणांस वाटेल. तसे होत नाही. तो चौपट होतो. ३९ किलोंचे १५६ किलो होतात. म्हणजे दोन धिप्पाड माणसे एकदम भिंतीला रेटा देत आहेत असे समजा. वेग तिप्पट झाला तर दाब नऊपट. संध्याकाळी सुखाने डोलणारे छप्पर मध्यरात्री एकाएकी का खवळते, याचे उत्तर या चढत्या हिशेबात आहे.

पाण्याचे गणित याहून सोपे आहे. दहा चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की दहा लिटर पाणी, म्हणजे दहा किलो वजन, पडले. पंचवीस मिलिमीटर पाऊस झाला तर अडीचशे लिटर. उतार चांगला असेल तर हे पाणी वाहून जाते. पण कापड सैल पडून मधे झोळ झाला, तर त्यात साठलेल्या पाण्याने झोळ अधिक खोल होतो, आणि खोल झाला म्हणून अधिक पाणी साठते. एकदशांश पाणी जरी अडले, तरी अर्ध्या मणाहून अधिक भार बारीक दांड्यांच्या मध्यावर लोंबकळू लागतो. कापड ताणून बसविण्याचा आणि वळचणीकडे उतार देण्याचा आग्रह यासाठीच धरावा.

आता निवडीकडे वळू. बाजारात गेले असता रंग आणि खिडक्या प्रथम डोळ्यांत भरतात. त्यांकडे शेवटी पाहावे. पहिला प्रश्न असा की ऑनिंग हवे कशासाठी? याचे ढोबळ प्रकार तीन आहेत. पहिला गुंडाळीचा. गाडीच्या भिंतीवर वरच्या अंगास एक नळी कायमची बसविलेली असते. तिच्यातून कापड पुढे ओढावयाचे व दोन हातांवर टेकवावयाचे. अमेरिकेत याचा प्रघात फार. हे दोन मिनिटांत उघडते व दोन मिनिटांत मिटते. परंतु हे उन्हासाठी आहे, वादळासाठी नव्हे. दुसरा प्रकार देवडीसारखा, दारापुरता. त्यात ओले बूट, छत्र्या आणि दोन खुर्च्या मावतात. दोन-तीन रात्रींच्या मुक्कामास हा उत्तम. तिसरा प्रकार पूर्ण दालनाचा. गाडीच्या सबंध लांबीइतके ते असते व त्यात जेवणाचे मेजही मांडता येते. एका जागी आठवडा-पंधरवडा राहावयाचे असेल तरच याचा खटाटोप करावा. रोज मुक्काम हलविणाऱ्याने ते घेतले, तर त्याची अर्धी सुट्टी दांड्या जोडण्यात व सोडण्यात जाईल. आणि कंटाळा आला म्हणजे मनुष्य बांधणीत हयगय करतो, हे त्याहून वाईट.

दुसरा प्रश्न मापाचा. इंग्लंडातील बहुतेक कॅरव्हानच्या दाराकडील भिंतीवर एक बारीक पन्हळ बसविलेली असते. ती पुढील बाजूने खालून वर चढते, टपाच्या कडेने जाते आणि मागील बाजूने खाली उतरते. ऑनिंगच्या कडेस दोरीची गोल किनार शिवलेली असते. ती या पन्हळीत ओवून सरकवीत न्यावयाची. पूर्ण दालनाचे माप घ्यावयाचे ते जमिनीपासून सुरुवात करून पन्हळीच्या मार्गाने वरून पलीकडे पुन्हा जमिनीपर्यंत. हे माप सेंटिमीटरमध्ये सांगतात आणि कारखानदार बहुधा पंचवीस-पंचवीस सेंटिमीटरचे टप्पे पाडून त्यास क्रमांक देतात. मोजताना गाडी सपाट व कठीण जमिनीवर, समतल उभी असली पाहिजे. अन्यथा एका बाजूस कापड जमिनीवर लोळेल व दुसऱ्या बाजूस फट राहील. आणि फट म्हणजे वाऱ्याला दिलेले आमंत्रणच. दारापुरते ऑनिंग घ्यावयाचे असल्यास सबंध फेरा मोजण्याची गरज नाही. जमिनीपासून पन्हळीची उंची किती, एवढे पाहिले म्हणजे पुरे. त्यातील पुष्कळशी २३५ ते २५० सेंटिमीटर उंचीस बसतील अशी केलेली असतात.

तिसरा प्रश्न कापडाचा. सुती कॅनव्हास श्वास घेते. आत दमटपणा कोंडत नाही, आणि भिजले की धागे फुगून विणीतील छिद्रे आपोआप बुजतात. पण ते जड असते, आणि ओलसर बांधून ठेवले की त्यावर बुरशी चढते. पॉलिएस्टरचे लेप दिलेले कापड हलके व स्वस्त. पाणी आत येऊ देत नाही, परंतु आतील वाफही बाहेर जाऊ देत नाही. पहाटे छतावरून थेंब ठिबकू लागले की नवशिक्यास छप्पर गळते असे वाटते. वास्तविक तो घरच्यांचाच श्वास थंड कापडावर गोठलेला असतो. वरच्या बाजूच्या झडपा थोड्या उघड्या ठेवणे हा त्यावर उपाय. तिसरे कापड ॲक्रिलिकचे. ते महाग, परंतु उन्हाने लवकर विटत नाही व काही प्रमाणात श्वासही घेते. लेपाच्या कापडावर मिलिमीटरमध्ये एक आकडा छापलेला असतो. त्या कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला असता ते पाझरू लागते, तो हा आकडा. दीड हजाराच्या खालचे कापड पावसाळी मुलखात न घेणे बरे.

दांड्या पोलादाच्या, ॲल्युमिनियमच्या किंवा काचतंतूंच्या असतात. पोलाद जड पण ताठ, ॲल्युमिनियम हलके, काचतंतू वाकतात व पुन्हा सरळ होतात. अलीकडे दांड्यांऐवजी हवा भरलेल्या जाड नळ्या असलेली ऑनिंगे निघाली आहेत. पंपाने हवा भरली की दालन आपोआप उभे राहते, आणि झोतासरशी ते मोडण्याऐवजी वाकून पुन्हा उभे राहते. त्यात हवा किती भरावयाची, तो आकडा नळीवर किंवा पत्रकात दिलेला असतो. तो काटेकोरपणे पाळावा. निवड करताना वजनही विसरू नये. पूर्ण दालन दांड्यांसह वीस-तीस किलो सहज भरते. आणि गाडीत किती भार घालावा यास मर्यादा असते. रस्त्यावर असताना ते ओझे गाडीच्या मध्यावर, चाकांच्या जवळ, तळाशी ठेवावे.

आता बांधणी. हा माझ्या भाषणाचा गाभा आहे, म्हणून येथे थोडा रेंगाळतो.

प्रथम जागा पाहावी. इंग्लंडात वारा बहुतांशी नैर्ऋत्येकडून येतो. तेथील गाड्यांचे दार डाव्या अंगास असते. तेव्हा गाडीचे तोंड आग्नेयेस केले तर डावी बाजू ईशान्येस येते आणि गाडीचा सबंध देह ऑनिंगच्या व वाऱ्याच्या मधे भिंतीसारखा उभा राहतो. कित्येक तळांवर गाडी कशी उभी करावी ते ठरलेले असते. तेथे इलाज नाही. पण मुभा असेल तर हे फुकटचे संरक्षण सोडू नये. आम्ही मात्र समुद्र दिसावा म्हणून दार पश्चिमेकडे केले होते. देखावा उत्तम मिळाला. त्याची किंमत रात्री द्यावी लागली.

गाडी समतल करून तिचे चारही कोपऱ्यांचे पाय टेकविल्यावरच कापड ओवावयास घ्यावे. हे काम दोघांचे आहे. एकाने कापड पन्हळीच्या तोंडाशी धरावे, दुसऱ्याने पुढून ओढावे. मग दांड्या उभ्या करून, सर्व दारांच्या झिपा पूर्ण बंद केल्यावर खालच्या मेखा ठोकाव्या. दारे उघडी ठेवून मेखा ठोकल्या तर पुढे झिप मिटत नाही, आणि ओढाताणीत तुटते. गाडीच्या खालून वारा शिरू नये म्हणून चाकांपुढे जो पडदा लावावयाचा असतो, तो पुष्कळ लोक अनावश्यक समजतात. तो लावावाच; खालून येणारा वारा हाच छपराचा खरा वैरी.

मेखेविषयी एक नियम ध्यानात ठेवावा. ती सरळ उभी ठोकू नये. तिचे डोके ऑनिंगपासून बाहेरच्या बाजूस झुकलेले असावे, म्हणजे तणाव्याची ओढ मेखेला जवळजवळ काटकोनात लागते आणि ती उपटून येत नाही. हिरवळीवर साधी लांब मेख चालते. खडी पसरलेल्या जागी कठीण पोलादाची जाड मेखच आत जाते. वाळूत कोणतीही बारीक मेख निरुपयोगी. तेथे रुंद पात्याची मेख हवी, किंवा वाळूने भरलेली पिशवी दोरीस बांधून खोल पुरावी. तंबूबरोबर ज्या मेखा फुकट मिळतात, त्या नेहमी पुरेशा असतात अशा समजुतीत राहू नये. आमच्या मेखा हातभर लांबीच्याही नव्हत्या, आणि समुद्राकाठची ती माती पावसाने मऊ झालेली होती.

तणावे कोपऱ्याकोपऱ्यांवरून दोन दिशांना न्यावे, एकाच दिशेस नव्हे. कारण वारा रात्रीतून फिरतो. त्यांची रेषा कापडाच्या शिवणीच्या रेषेत असावी, म्हणजे ओढ शिवणीवर पडते, कापडावर नाही. आणि सर्वांत महत्त्वाचा तो वादळपट्टा. हा रुंद पट्टा छपराच्या वरून घेऊन दोन्ही अंगांस जमिनीशी बांधतात. मधे स्प्रिंग असते, म्हणजे झोत आला की पट्टा किंचित लांबतो व पुन्हा आवळतो. छप्पर खाली दाबून धरणारी वस्तू ती हीच. माझ्या जावयांकडे हा पट्टा होता. पिशवीत घडी घातलेला होता.

गुंडाळीच्या ऑनिंगला हीच गोष्ट निराळ्या रीतीने करावी लागते. पाऊस येणार असेल तर त्याचा एक कोपरा दुसऱ्यापेक्षा ठळक खाली उतरवावा, म्हणजे पाणी त्या बाजूने ओघळते. पुढच्या कडेवरून पट्टा जमिनीशी बांधावा. आणि गाडी सोडून कोठे जाताना किंवा रात्री निजताना ते गुंडाळून ठेवावे, वारा असो वा नसो. काही नव्या प्रकारांत वारा वाढला की आपोआप मिटण्याची योजना असते. ती सोय चांगली. पण यंत्रावर पहारा सोपवून निजणे चांगले नव्हे.

परंतु बांधणी कितीही पक्की असली तरी तिला मर्यादा आहे, आणि ती मर्यादा ओळखणे हीच या विद्येतील शेवटची पायरी. यासाठी घरी उपकरण नको, झाडे पुरेत. इंग्रज आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट याने १८०५ साली वाऱ्याच्या बळाची एक श्रेणी आखली. पुढे तिला जमिनीवरील खुणा जोडण्यात आल्या. धूळ व कागदाचे कपटे उडू लागले, लहान फांद्या हलू लागल्या, की वारा चौथ्या श्रेणीचा, ताशी २० ते २८ किलोमीटर. पाने असलेली लहान झाडे डोलू लागली की पाचवी, २९ ते ३८. मोठ्या फांद्या हलतात आणि छत्री धरणे कठीण होते तेव्हा सहावी, ३९ ते ४९. सबंध झाडे हलू लागतात तेव्हा सातवी, ५० ते ६१. माझा सल्ला असा : पाचव्या श्रेणीस गुंडाळीचे ऑनिंग मिटलेले असावे. पूर्ण दालनास पाचवीतच वादळपट्टा चढवावा; आणि सहावी किंवा तिच्यापुढचा वारा येणार असे हवामानखाते सांगत असेल, तर तो येण्यापूर्वी ते उतरवावे. सहावीत ते उतरवू म्हणाल, तर सहावीत ते उतरविता येत नाही. सुटलेले कापड हातात राहत नाही, हे मी पाहिले आहे. गरज वाटू लागण्याच्या आधी करावयाचे असे हे काम आहे, आणि म्हणूनच ते होत नाही.

वारा व पाणी यांच्यापेक्षा अधिक निःशब्द असा तिसरा शत्रू आहे. त्याचे नाव न घेता हा विषय संपविणे गैर होईल. पावसाची सर आली की कोळशाची पेटती शेगडी उचलून ऑनिंगच्या आत आणण्याचा मोह होतो. हे कधीही करू नये. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी तो निघतच असतो, आणि बंद कापडी दालनात झोपलेला मनुष्य त्यातून जागा होत नाही. अशा रीतीने त्या देशात माणसे दगावली आहेत. ऊब हवी म्हणून राखेची शेगडी आत ठेवणाऱ्यांनाही हाच धोका. तसेच गाडीच्या भिंतीवर शीतकपाटाच्या किंवा शेगडीच्या हवेची जी जाळी असते, ती ऑनिंगच्या कापडाने झाकली जाणार नाही, हे पाहावे. दोन गाड्यांमधे सहा मीटर अंतर राखण्याची जी रीत तेथे आहे, ती आगीच्या भयामुळेच. आपले ऑनिंग पसरून त्या अंतरावर फार अतिक्रमण होऊ देऊ नये.

शेवटचा मुद्दा वाळविण्याचा. ओले कापड घडी करून ठेवण्याइतकी दुसरी उधळपट्टी नाही. पावसात उतरवावे लागले तर घरी पोचताच, निदान दुसऱ्या दिवशी, ते उघडून वाळवावे. मेखांची माती पुसावी. वाकलेल्या मेखा सरळ कराव्या किंवा टाकून द्याव्या. वाकलेली मेख पुढच्या वर्षी आपोआप सरळ होत नाही.

पट्टीची दुरुस्ती व आतील भिजलेले लाकूड बदलणे यांस जो खर्च आला, तो आम्ही दिला. त्याचे मला फारसे दुःख झाले नाही. माझ्या मनात राहिली ती रिकामी खाट आणि तिच्यावर आडवी पडलेली दांडी. त्या रात्री जे करावयास हवे होते, ते एका तरुण माणसास ठाऊक होते आणि त्याने ते वेळेवर सांगितलेही होते. मी माझ्या वयाच्या जोरावर त्यास गप्प केले. वडीलधाऱ्यांचा शब्द मोडावयाचा नाही, ही आपली रीत चांगली. पण मग वडीलधाऱ्यांनी आपला शब्द टाकण्यापूर्वी वाऱ्याकडे एकदा पाहावे, ही जबाबदारी त्यांच्यावर येते.

पुढल्या उन्हाळ्यात आम्ही पुन्हा त्याच माळावर गेलो. या वेळी दार ईशान्येकडे होते. समुद्र पाहावयाचा तर चार पावले चालून जावे लागे. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावरची लहान झाडे डोलू लागली. मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, “जावईबापू, मोगरी कोठे आहे? उजेड आहे तोवर उतरवून ठेवू.” त्या रात्री वारा फारसा आला नाही. सकाळी कोरड्या कापडाची घडी पाहून नातवाने विचारले, “आजोबा, मग उगीचच काढलं का?” मी म्हणालो, “हो रे, उगीचच. चल, पुन्हा लावू.” आणि आम्ही तिघांनी मिळून ते पुन्हा उभारले.